मोरीचं पाणी आधी कर्दळीला, मग माशांना, शेवटी वाफ्यांना

कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उपसतात, टप्प्याटप्प्यानं वर चढवतात आणि तेव्हा कुठं ते आमच्या आटपाडी तालुक्यात पोचतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून लातूरला पाणी गेलं, तेव्हा आमच्या घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. इतक्या सायासानं मिळालेलं पाणी अंगावर एकदा पडतं आणि गटारीला लागतं, हे मला बघवत नाही. म्हणून गेली काही वर्षं आमच्या मुरमाड परसात जे करून पाहिलं, चुकलं आणि सुधारलं, ते सगळं मापासकट इथं लिहिते आहे.

मोरीच्या पाण्यावर परसबाग ही आपल्याकडं नवी गोष्ट नाही. माझ्या आजोळी न्हाणीच्या तोंडाशी अळू असायचं, त्याच्या पलीकडं कर्दळ आणि शेवटी केळीचं आळं. कुणी शिकवलेलं नव्हतं, पण क्रम अगदी बरोबर होता. फरक एवढाच की तेव्हा भांडी राखेनं घासत आणि डोकं शिकेकाईनं धुत. आता त्याच पाण्यात धुण्याची पावडर, फिनेल आणि पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच उतरतं. तेव्हा या कामात पाईप आणि खडी दुसऱ्या नंबरला येतात. पहिला प्रश्न आपण मोरीत काय ओततो हा. त्यातही मासे पाळायचे असतील तर साबण लागलेलं पाणी त्यांना झाडांच्या मुळांतून निघाल्यावरच द्यायचं. या क्रमाला फाटा दिला तर मासे मरतात.

आधी मोजा

टिकाव हातात घ्यायच्या आधी तीन दिवस बादल्या मोजा. जलजीवन मिशन माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतं, म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. आमच्या घरी मोजलं तेव्हा अंघोळीचं १००, कपड्यांचं ६० आणि भांड्यांचं ४० लिटर निघालं. संडासाचं पाणी या हिशोबात कुठंच नाही आणि कधीच धरायचं नाही. बाळाचे लंगोट धुतलेलं पाणीही संडासाकडंच गेलं पाहिजे.

हे २०० लिटर एकाच नळीत सोडू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि वासानं परसात उभं राहवेना. पाण्याच्या तीन वाटा करा. अंघोळीचं १०० लिटर आणि कपडे खळबळल्याचं दुसऱ्या-तिसऱ्या बादलीचं ४० लिटर, असं १४० लिटर कर्दळीच्या गाळणीकडं आणि तिथून तळ्याकडं. भांड्यांचं पाणी तेलकट असतं, ते केळीच्या आळ्याला. आणि कपड्यांचं पहिलं साबणाचं पाणी, फरशी पुसल्याचं पाणी, ब्लीच किंवा फिनेल मिसळलेलं कुठलंही पाणी लांब शोषखड्ड्याला. आपल्या जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. तेव्हापासून शोषखड्डा गावागावांत माहितीचा आहे. तो असेल तर मोडू नका, या तिसऱ्या वाटेला तोच कामाचा.

धुण्याच्या दगडापाशी पाण्याला दोन तोंडं ठेवा: एक शोषखड्ड्याकडं, एक गाळणीकडं. लाकडी बूच पुरतं. बूच कोणत्या तोंडाला आहे ते घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यालासुद्धा, लांबून दिसलं पाहिजे. आम्ही शोषखड्ड्याच्या तोंडाला लाल रंग दिला आहे. तो का दिला ते पुढं येईलच.

केस, धागे आणि तेल

पाईप तुंबतो तो घाणीनं कमी, केसांनी आणि कपड्यांच्या धाग्यांनी जास्त. नहाणी ट्रॅपच्या (मोरीच्या भोकाखालच्या जाळीच्या भांड्याच्या) पुढं पाईपच्या तोंडाला जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा रबरानं आवळून बांधा. तो आठवड्याला काढून झटकायचा. पाईप अडीच इंची घ्या आणि दर १० फुटांना किमान दीड इंच ढाळ द्या. ढाळ डोळ्यानं ठरवू नका. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी लावा, नाहीतर मधेच पाणी साचून कुजतं.

पुढं २०० लिटरचा निळा ड्रम जमिनीत पुरा. पाणी आत येतं तिथं टी (तीन तोंडांचा जोड) लावून त्याचं तोंड खाली वळवा, बाहेर जातं तिथंही तसंच. जड गाळ तळाला बसतो, साबणाची साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढं जातं. साधारण एक-दीड दिवस पाणी इथं विसावतं. त्याहून जास्त काळ कच्चं सांडपाणी साठवू नका, ते काळं पडून सडक्या अंड्यासारखा वास मारतं. ड्रमला झाकण आणि झाकणाखाली मच्छरदाणीचा कपडा हवाच.

भांड्यांच्या पाण्याला तेल अडवणारं चेंबर लागतं. दोन घमेली बसतील एवढं विटांचं चेंबर पुरे, बाहेर जाणारा पाईप पाण्याच्या पातळीच्या अर्धा फूट खालून उचललेला. वर जमलेला तुपट थर आठवड्यानं पळीनं काढून खताच्या खड्ड्यात टाकायचा. पण खरं काम त्याच्या आधीचं आहे: ताट मोरीत टाकण्यापूर्वी खरकटं झटका आणि कढईचं तेल कागदानं पुसून घ्या. एवढं केलं की चेंबरचं निम्मं काम वाचतं.

कर्दळीची गाळण

सगळी भिस्त या भागावर आहे, म्हणून जरा सविस्तर.

खड्डा १० फूट लांब, ३ फूट रुंद, २ फूट खोल. तळाला आत येणाऱ्या टोकाकडून बाहेरच्या टोकाकडं एक-दीड इंच ढाळ. मुरमात खणत असाल तर टोकदार खडे वेचून काढा, वर गोणपाट अंथरा आणि मग शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. दोन्ही टोकांना एक-एक फूट मुठीएवढे गोटे, मधल्या आठ फुटांत धुतलेली २० एमएम खडी. खडी धुतलीच पाहिजे. मी पहिल्यांदा क्रशरवरून आलेली तशीच ओतली होती. तिच्या धुळीचा तळाला लगदा झाला आणि दोन महिन्यांत पाणी वर येऊन डबकं साचलं. सगळी खडी उपसून पुन्हा धुतली.

बाहेर जाणारा पाईप तळातून निघतो, पण कोपरा लावून तो वर उचलायचा, खडीच्या वरच्या पातळीच्या ३ इंच खालपर्यंत. त्यामुळं खड्ड्यात पावणेदोन फूट पाणी कायम राहतं आणि वर मात्र कोरडी खडी दिसते. वर पाणी दिसत नाही म्हणून डास अंडी घालू शकत नाहीत, वासही येत नाही. खडीवर कधी पाणी चमकलं तर समजा कुठंतरी तुंबलं आहे.

आता हिशोब. या खड्ड्यात पाण्याखालची खडी साडेबावन्न घनफूट, म्हणजे १,४८० लिटरच्या आसपास. खडीच्या फटींत साधारण ४० टक्के जागा धरली तर ५९० लिटर पाणी मावतं. रोज १४० लिटर सोडलं तर प्रत्येक थेंबाला पलीकडं पोचायला चार दिवस लागतात. तीन दिवसांपेक्षा कमी भरत असतील तर खड्डा वाढवा. या चार दिवसांत खडीला आणि मुळांना चिकटलेले जिवाणू साबण आणि मळ खाऊन टाकतात, झाडं नत्र आणि स्फुरद उचलतात. गाळण म्हटलं की लोकांना चहाची गाळणी आठवते. पण इथं अडवण्यापेक्षा पचवण्याचं काम मोठं आहे, आणि पचायला वेळ लागतो.

झाडं कर्दळीचीच लावा. फुटाला एक असे दोन ओळींत अठरा-वीस गड्डे. वाळा चालतो, पाणकणीस चालतं, पण पाणकणीस फार पसरतं. अळू आत येणाऱ्या टोकाशी झकास येतं. मात्र गाळणीतलं अळू फतफत्याला काढायचं नाही, तिथं सगळ्यात कच्चं पाणी लागतं. लागवडीनंतर सहा ते आठ आठवडे तळ्याकडची वाट बंदच ठेवा आणि तोवरचं पाणी केळीला द्या. मुळं खाली जाईपर्यंत ही गाळण नुसता खडीचा खड्डा असते.

गाळणीतून निघालेलं पाणी एका पारदर्शक बाटलीत अर्धं भरा आणि दहा वेळा जोरात हलवा. माझा ठोकताळा असा: फेस मिनिटभरात मोडला पाहिजे. टिकला तर साबण अजून शिल्लक आहे आणि ते पाणी माशांच्या कामाचं नाही.

गप्पीची कुंडी

नुसत्या बाटलीवर मी विश्वास ठेवत नाही. गाळण आणि तळं यांच्या मधे १०० लिटरची सिमेंटची कुंडी आहे आणि तिच्यात गप्पी मासे आहेत. आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी वाटतो, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. गप्पी चिवट असतात, बऱ्यापैकी गढूळ पाणी सोसतात. ज्या पाण्यात गप्पीही मरतात, त्यात रोहू टिकण्याचा प्रश्नच नाही. रोज सकाळी मी आधी कुंडीत डोकावते, मग चहा ठेवते.

कुंडीतलं पाणी तळ्यात पडताना थेट पाईपनं सोडू नका. फूटभर उंचीवरून शहाबादीच्या तिरप्या तुकड्यावर पडू द्या. पातळ पसरून पडताना ते हवा घेतं.

तळं

आमचं तळं १० बाय १० फूट, पाणी ४ फूट, म्हणजे ११,००० लिटरच्या आसपास. आत तोच शेततळ्याचा कागद. तळं सांडपाण्यानं भरायचं नाही. पावसाळ्यात छपराच्या पन्हाळीतून भरायचं आणि सांडपाण्याची फक्त भर घालायची. ५०० चौरस फूट छपरावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर साडेचार हजार लिटर पडतं. त्यातलं साडेतीन हजार तरी हाती लागतं. आमच्याकडं खरा पाऊस सप्टेंबरचा, परतीचा. तळ्यात मोठी भर पडते ती तेव्हाच.

उन्हाळ्यात तळ्यातून रोज ८ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर या आकाराच्या तळ्यातून दिवसाला ७५ लिटर वाफ होते. रोजची भर १४० लिटर, म्हणजे उरतात ६५, आठवड्याला साडेचारशे. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पाणी उडतं तेव्हा क्षार मागंच राहतात. नुसती भर घालत राहिलात तर तळं महिन्यागणिक खारट होत जाईल. म्हणून दर आठवड्याला तळाचं पाणी पंचवीस बादल्या काढून वाफ्यांना द्यायचं. तळाला माशांची विष्ठा बसलेली असते, ते पाणी म्हणजे पातळ खतच. अर्धा इंची नळीनं ओढून घेतलं की बादल्याही उचलाव्या लागत नाहीत.

मासे किती? लोक इथं हमखास चुकतात. हवेचा पंप नसेल तर एवढ्या तळ्यात पंधरा, फार तर वीस. आम्ही आठ रोहू, चार कटला आणि तीन गवत्या सोडतो. गवत्याला मेथीची, कोबीची उरलेली पानं चालतात. मत्स्यबीज आणताना जिरे (अगदी बारीक पिल्लं) आणू नका, बोटुकली आणा, बोटाएवढी झालेली. पिशवी तळ्यात अर्धा तास तरंगू द्या आणि पाण्याची ऊब सारखी झाली की मगच तोंड सोडा. खाद्य म्हणजे शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा समभाग, माशांच्या अंदाजे वजनाच्या दोन-तीन टक्के, सकाळी उन्हं आल्यावर. अर्ध्या तासात संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी कमी टाका. थाई मांगूर कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका, त्यावर बंदी आहे. तिलापियासाठी मत्स्य विभागाची परवानगी लागते.

काही जण मला कोलकात्याचं उदाहरण देतात. तिथं शहराच्या पूर्वेला पाणथळीत शहराच्या सांडपाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासे वाढवतात. सुमारे १२,५०० हेक्टरचा तो प्रदेश २००२ मध्ये रामसर यादीत गेला. पण तिथं उथळ पाणी, भरपूर ऊन, शेवाळ आणि पाणी कधी घ्यायचं, कधी थांबवायचं हे जाणणारे अनुभवी मच्छीमार आहेत. दहा फुटांच्या तळ्यात संडासाचं पाणी सोडणं म्हणजे घरात रोगराई आणणं.

तळ्याला कुंपण आणि वर जाळी घालाच. चार फूट पाणी लहान मुलाच्या जिवावर उठतं. हे काम पाणी भरायच्या आधीचं आहे.

त्या पहाटे

दुसऱ्या वर्षी चैत्रातल्या जत्रेला घर भरलेलं. पाहुण्यांचे पांढरे कपडे ब्लीचमध्ये भिजवले होते. गडबडीत बूच चुकीच्या तोंडाला राहिलं आणि दोन-तीन मोठ्या बादल्यांचं पाणी गाळणीकडं गेलं. त्यानं गाळणीतले जिवाणूच मेले असणार, कारण पुढचे काही दिवस साबणही न पचता पुढं जात राहिला. कुंडीतले गप्पी तळाला पडले होते, पण जत्रेच्या धांदलीत त्या दोन सकाळी मी डोकावले नव्हते.

पहाटे पाचला आत्यांनी हाक मारली, "आगं ऊठ, मासं तोंड वर काढून बसल्यात बघ."

टॉर्च मारली तर कटले पाण्याच्या कडेला ओळीनं, तोंडं उघडमीट करत. कल्ले फुगलेले, अंगावर बुळबुळीत पांढरट थर. साबण माशाच्या कल्ल्यांवरचं आवरण खातो आणि मग पाण्यात प्राणवायू असला तरी त्याला घेता येत नाही. त्यातून पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी, कारण रात्रभर शेवाळही तोच वापरतं. मामंजींनी आधी गाळणीची वाट बंद केली. आम्ही दोघींनी बोअरचं पाणी कळशीनं उंचावरून ओतायला घेतलं, उन्हं येईपर्यंत. चारही कटले गेले, रोहू आणि गवत्या वाचले. तीन दिवस खाद्य दिलं नाही. गाळणीत आठवडाभर नुसतं साधं पाणी सोडलं आणि कुंडीत नवे गप्पी चार दिवस जगल्यावरच तळ्याची वाट उघडली. लाल रंग तेव्हा आला.

मासे वर आलेले दिसले तर तुम्हीही याच क्रमानं करा: वाट बंद, उंचावरून स्वच्छ पाणी, खाद्य बंद.

काय लावायचं, काय नाही

भांड्यांच्या पाण्याला केळीचं आळं. ४ फूट व्यासाचा, अडीच फूट खोल खड्डा, तो उसाचं पाचट, पालापाचोळा, काटक्या यांनी दाबून भरायचा आणि कडेनं तीन-चार केळी, मधे एखादी पपई. पाणी पाचटाच्या खाली सोडायचं. पाचट बसेल तसं वरून भर घालायची.

तळ्याच्या पाण्यावर वांगी, भेंडी, दोडका, दुधी, कारली, शेवगा, कढीपत्ता उत्तम येतात. वेल मांडवावर चढवा, फळ मातीला टेकायला नको. पाणी नेहमी बुडाशी, आच्छादनाखाली द्यायचं, झारीनं पानांवर नाही. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी, कांद्याची पात, जे कच्चं तोंडात जातं ते या पाण्यावर घेऊच नका. त्यांच्यासाठी एक छोटा वाफा चांगल्या पाण्यावर ठेवा. घेवडा आणि लिंबू क्षार सोसत नाहीत, डाळिंब बऱ्यापैकी सोसतं. काढणीच्या आधी आठवडाभर हे पाणी थांबवलेलं बरं.

मातीवर लक्ष ठेवा. पावडरीतला सोडियम मातीचे कण फोडतो आणि माती वाळली की सिमेंटसारखी होते, पाणी मुरत नाही. मिरज, वाळवा, पलूसच्या काळ्या रानात क्षारपड (क्षार साचलेली) आणि चोपण (सोडियमनं घट्ट झालेली) जमीन म्हणजे काय ते उसाच्या शेतकऱ्याला सांगायला नको. आमच्या मुरमातून क्षार पावसानं खाली जातात, काळ्या मातीत ते अडकतात. तिथं वाफे उंच करा, पाणी निम्म्यानं द्या आणि दर तिसरं पाणी साधं द्या. वाफ्याच्या कडेला पांढरं फुटलं किंवा पानांच्या कडा करपल्या तर माती तपासून घ्या. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम १५ टक्क्यांवर गेला तर ती चोपण. मग जिप्सम किती टाकायचं ते अहवाल पाहून ठरतं, अंदाजानं नाही. कपड्यांना पावडरीऐवजी द्रव साबण घेतला तर सोडियम सहसा कमी असतो. आम्ही रोजच्या कपड्यांना रिठाही वापरतो. पण खरं सांगायचं तर मळक्या शेतातल्या कपड्यांना तो पुरत नाही.

आखाडात

बोटुकली ऑगस्ट-सप्टेंबरात सोडली की पुढच्या आखाडात मासे ताटात येतात, श्रावण लागायच्या आत. काढायच्या आधी पंधरा दिवस गाळणीची वाट बंद, पाणी नुसत्या केळीला. धरलेले मासे दोन-तीन दिवस वेगळ्या हौदात स्वच्छ पाण्यात, उपाशी ठेवायचे. हौदालाही जाळी आणि वरून पाण्याची धार हवी. त्यांचं पोट रिकामं होतं आणि मातीचा वास जातो. कल्ले आणि आतडी काढून लांब पुरा, हात आणि विळी साबणानं धुवा, रस्सा चांगला उकळू द्या.

मग तळं उपसायचं. तळाचा काळा, मऊ गाळ चार-पाच इंच निघतो. तो दोन दिवस वाळवून वांग्याच्या वाफ्यात मातीत कालवायचा. गाळणीच्या पहिल्या फुटातले गोटे बाहेर काढून धुवायचे, कर्दळ बुडापासून छाटायची आणि तिचा पाला केळीच्या आळ्यात टाकायचा. ओढणीचा तुकडा बदलायचा, शोषखड्ड्याच्या तोंडाचा लाल रंग पुन्हा द्यायचा. कागदाला कुठं चीर गेली असेल तर याच वेळी दिसते. पन्हाळीचं तोंड तळ्याकडं फिरवून ठेवायचं, पहिल्या पावसाचं छपराचं मळकट पाणी मात्र बाहेर जाऊ द्यायचं.